सुकलेली भुरुंडी

"माय, हे काय केलं तुनं?"

शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून प्रतिभा एवढंच म्हणू शकली. सकाळी प्रार्थनेच्या वेळी नळाच्या कडेनं जिथं गुडघाभर हिरवं रान माजलेलं होतं, तिथं दुपारच्या सुट्टीत काळी माती उघडी पडली होती. हेडमास्तरांनी हौसेनं लावलेली झेंडूची बारा रोपं तेवढी जागच्या जागी होती. बाकी सगळं मुळासकट उपटून, माती झटकून, तारेच्या कुंपणावर ओळीनं टाकलेलं होतं. आणि मधोमध उकिडवी बसून विठाबाई, म्हणजे प्रतिभाची आई, लुगड्यावर जावयाचा जुना फुलशर्ट चढवून, शाळेच्या शिपायाकडून, फकिराकडून, मागून घेतलेलं खुरपं गवतानं पुसत होती. काम उरकल्याचं समाधान तिच्या तोंडावर अगदी उघड दिसत होतं.

"निंदून टाकलं," ती म्हणाली. "कवाचं माजलं होतं. येवढे शिकलेले लोक हायेत इथं, कोनाच्याच डोळ्याले दिसलं नाई?"

"तो कचरा नोता, माय."

"मंग काय होतं?"

खरी पंचाईत तिथंच होती. काय होतं ते प्रतिभालाच ठाऊक नव्हतं.

आदिलाबादजवळच्या, तेलुगू मुलखातल्या तामसी मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, त्या सरकारी हायस्कुलात प्रतिभा अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं की प्रत्येक शाळेनं फुलपाखरांची बाग करावी. हेडमास्तरांनी झेंडू आणवला, शेवंती आणवली, रंगीत विटांची कड केली. बाग देखणी झाली, पण फुलपाखरं काही तिकडे फिरकेनात. ती यायची नळाच्या गळक्या पाण्यावर आपोआप उगवलेल्या एका झुडपावर. खरबरीत पानं, इवलीशी पांढरट फुलं, आणि फुलांचा तुरा टोकाला विंचवाच्या नांगीसारखा वळलेला. दिसायला काही म्हणजे काही नाही. पण सकाळी नऊच्या उन्हात त्यावर दहा-पंधरा फुलपाखरं हमखास असायची. प्रतिभानं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तो फिरत फिरत हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. स्वरूपाराणींपर्यंत गेला. त्यांचा फोन आला: पंधरा दिवसांनी, गुरुवारी येते. तोपर्यंत झाड ओळखून ठेवा. स्थानिक नावही हवं, तेच आमच्यासाठी मोलाचं.

झालं. पंधरा दिवस प्रतिभानं त्या नावाचा पिच्छा पुरवला. फोनमधल्या अ‍ॅपनं तीन दिवसांत तीन नावं सांगितली, त्यातलं एक परदेशातल्या कुठल्या तरी बागेतल्या झाडाचं. बीएस्सीची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. जंगल खात्याच्या माणसाला फोटो पाठवला, तर त्यानं नुसता अंगठा पाठवला. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या फांद्यांनी घरातलं जेवणाचं टेबल भरून गेलं. आणि त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून विठाबाई अकरा दिवस लसूण सोलत होती. मोतीबिंदू दाखवायला ती बाजारहत्नूरकडच्या आपल्या गावाहून लेकीकडे आदिलाबादला आली होती. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या वावरात निंदण केलं होतं. जमिनीतून उगवणारं असं एक पान नसेल जे तिच्या हाताखालून गेलं नाही. पण तिला विचारावं हे प्रतिभाच्या मनातच आलं नाही. असं काऊन झालं म्हणून कोणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. विसरली असती तर गोष्ट वेगळी. तिला सुचलंच नव्हतं.

त्या मंगळवारी म्हातारीला घरात करमेना, टीव्हीवर सगळ्या तेलुगू मालिका, म्हणून प्रतिभानं तिला सोबत शाळेत आणलं होतं. हेडमास्तर आणि बाकीचे शिक्षक जिल्ह्याच्या मीटिंगला गेलेले. फकिरानं आजीला चहा दिला, सावलीत खुर्ची दिली. पण चाळीस वर्षं वाकलेल्या बाईला खुर्चीवर किती वेळ बसवणार? तण दिसलं आणि तिचे हात शिवशिवले.

"तुले सगळं वावरच दिसते का?" प्रतिभा फकिरासमोरच बोलून गेली. "परवा हैदराबादहून लोक येऊन राह्यले ह्याच्यासाठी. आता काय दाखवू मी त्याईले? झेंडू?"

विठाबाईनं खुरपं खाली ठेवलं. "मले काय ठावं," एवढंच म्हणाली. रात्रीच्या जेवणात म्हातारीनं भाकरी मागून घेतली नाही, आणि प्रतिभानंही आग्रह केला नाही.

बुधवारी प्रतिभा एकटीच शाळेत गेली, मनात हैदराबादला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत. फाटकातूनच तिला दिसलं की पोरांचा घोळका कुंपणाला लागलाय. जवळ गेली आणि पिशवी खांद्यावरून उतरवायचीही विसरली. कुंपणावर टाकलेली ती झुडपं उन्हानं माना टाकून, काळपट होऊन लोंबत होती. आणि त्यांच्यावर फुलपाखरं होती. दहा-पंधरा कुठली, मोजता येऊ नयेत इतकी, काळ्या पंखांवर फिक्या निळ्या रेघा असलेली. एकमेकांना खेटून, सुकल्या पानांना सोंड लावून, पंख मिटून बसलेली. पोरांनी हात लावला तरी उडत नव्हती. झुडूप जिवंत असताना जे झालं नाही ते मेल्यावर झालं होतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं आईसमोर फोन धरला. विठाबाईनं डोळे बारीक करून चित्र पाहिलं.

"भुरुंडीवर येतेतच ते," ती म्हणाली. "पन हिरवीवर नाई येत येवढे. उपटून वावराच्या धुऱ्यावर, बांधावर टाकली, उनानं सुकली, की मंग पाहा. भाकर खाले बसलो की आमच्या हाताईवर बसत, रस लागलेला राह्यते न हाताले. आमी म्हनो, पावने आले."

प्रतिभा खाली बसली. भुरुंडी. पंधरा दिवस, तीन पुस्तकं, एक अ‍ॅप.

"आधी काऊन नाई सांगतलं?"

"तुनं विचारलं कुठं?" विठाबाईच्या बोलण्यात टोचणी नव्हती, असं होतं म्हणून तिनं सांगितलं. मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली: झाड पुरतं वाळून कडक झालं की पाहुणे येत नाहीत. त्याच्यावर थोडं पाणी शिंपडून ओलं करावं लागतं, तेही दव पडल्यासारखं, जास्त नाही. प्रतिभानं ते वहीत टिपून घेतलं. आणि म्हणाली, "माय, उद्या चाल माह्यासंगं. तुह्याच हातानं शिंपड."

म्हातारी किती खूश झाली ते सांगायला नको. गुरुवारी सकाळी तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं पांढरं लुगडं काढलं, जे ती फक्त विहारात जाताना आणि जयंतीला नेसे. केसांना तेल लावलं. लवकरच्या बसनं शाळेत पोचल्यावर लुगडं खराब होऊ नये म्हणून वर तोच फुलशर्ट चढवला, डोक्याला फडकं बांधलं, चपला काढून ठेवल्या आणि बादली घेऊन कामाला लागली. दहा वाजेपर्यंत कुंपण फुलपाखरांनी भरून गेलं.

डॉ. स्वरूपाराणी गाडीतून उतरल्या त्या थेट कुंपणाकडेच आल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या, पायांत बूट. पाच मिनिटं त्या फुलपाखरं निरखत राहिल्या, मग डोळे पुसून हसल्या. त्यांना तेलुगू आणि इंग्रजी येत होतं, मराठी नाही. त्यांनी सांगितलं की हे सगळे नर आहेत, या झाडातलं काहीतरी त्यांना मादीला रिझवायला लागतं, आणि ते सुकल्या झाडातून जास्त मिळतं. हेलिओट्रोपियम या शास्त्रीय नावाच्या कुळातली ही जात अगदी इथल्या मातीतली. हे पुस्तकात आहे, पण शाळेच्या कुंपणावर असं कोणी मुद्दाम घडवून आणलेलं मी पाहिलं नव्हतं, त्या म्हणाल्या. ही कल्पना कोणाची?

प्रतिभानं तोंड उघडलं होतं. पण हेडमास्तर तिच्या आधी बोलले. चांगला माणूस, वाईट हेतू मुळीच नाही. कालच प्रतिभानं त्यांना फोन करून फुलपाखरांचं सांगितलं होतं, कोणामुळे ते सांगायचं राहून गेलं होतं. ते म्हणाले, आमच्या प्रतिभा मॅडमची. मुलांना घेऊन प्रयोग केला त्यांनी. डॉक्टरबाईंनी प्रतिभाचा हात हातात घेतला. आणि त्याच वेळी त्यांचं लक्ष कुंपणाच्या टोकाला गेलं, जिथं एक म्हातारी बोटांनी पाणी शिंपडत होती, आणि तिच्या मनगटावर दोन फुलपाखरं बसली होती.

त्या कोण, असं त्यांनी विचारलं.

"कूली," अंगावरचा शर्ट आणि डोक्याचं फडकं पाहून हेडमास्तर म्हणाले. "गावातून लावलीय, बागेच्या कामाला."

तेलुगूतले विठाबाईला पाच-पंचवीस शब्द येत होते, आणि त्यातला हा, रोजंदारीच्या मजुराचा शब्द, तिनं सगळ्यांत आधी शिकलेला. तिनं मान वर केली. हेडमास्तरांकडे पाहिलंच नाही तिनं, लेकीकडे पाहिलं. पलीकडे फकिरा खुर्च्या मांडत होता. तोही हातातली खुर्ची तशीच धरून प्रतिभाकडे पाहत राहिला.

बोलायला एक क्षण पुरला असता. "नाही सर, ही माझी आई." तेलुगूत चार-पाच शब्द. दर जयंतीला प्रतिभा स्टेजवर उभी राहून याहून कितीतरी जास्त बोलत असे. माझ्या आईनं उन्हातान्हात लोकांचं निंदण केलं म्हणून मी आज इथं उभी आहे, हे वाक्य तिला इतकं पाठ होतं की कुठं थांबलं की टाळ्या येतात तेही ठाऊक होतं. आणि आता ती कारणं शोधू लागली. हेडमास्तर खोटे पडतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. प्रयोग कोणाचा हा प्रश्न पुन्हा निघेल, हेही. दोन्ही कारणं खरी होती, आणि दोन्हींच्या खाली तिसरं होतं ते तिला एकटीला दिसत होतं: तो मळका शर्ट, ते चिखलाचे अनवाणी पाय, मिश्रीनं काळे पडलेले दात, आणि शेजारी उभ्या असलेल्या हैदराबादच्या बाईचा तो स्वच्छ हात, जो अजून तिच्या हातात होता. तो क्षण गेला. गेलेल्या क्षणाला मागं ओढून आणणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, आणि प्रतिभानं ते केलं नाही. फकिरानं खुर्ची खाली ठेवली आणि दुसरी आणायला गेला.

डॉक्टरबाई मात्र म्हातारीपाशी गेल्या. त्यांना अशा बायांशी बोलायला आवडायचं. प्रतिभाला त्यांनी जवळ बोलावलं, मला मराठी येत नाही, तुम्ही सांगा म्हणाल्या. तिला या झाडाचं गावातलं नाव विचारा.

प्रतिभा आईसमोर उभी राहिली. आता तिला हाक काय मारायची? "माय" म्हणता येत नव्हतं आणि दुसरं काही आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. विठाबाईनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि ओळ चुकलेल्या शेजारणीला निंदताना हात द्यावा तसं सहज तिनंच पुढचं उचललं.

"काय विचारून राह्यल्या त्या, म्याडम?"

प्रतिभाच्या पायाखालची जमीन सरकली. पण सरकलेल्या जमिनीवरही माणूस उभं राहतंच. तिनं विचारलं. विठाबाईनं सांगितलं. भुरुंडी. डॉक्टरबाईंनी वहीत लिहून घेतलं, दोनदा उच्चारून पाहिलं. बाईंचं नाव? विठाबाई. किती वर्षं हे काम करतात? चाळीस. निंदणाऱ्या सगळ्या बायांना हे ठाऊक असतं का? असते, पण कोणी विचारत नाही, असं विठाबाई म्हणाली, आणि त्यातलं पहिलं तेवढंच प्रतिभानं तेलुगूत सांगितलं.

मग डॉक्टरबाईंनी सहज, मायेनं विचारलं की यांना मुलंबाळं आहेत का, ती पण शेतातच आहेत का, की हे ज्ञान यांच्याबरोबरच जाणार?

प्रतिभाला वाटलं, हा एक प्रश्न आपण गिळून टाकावा. पण डॉक्टरबाई दोघींच्या मधे उभ्या होत्या, वाट पाहत. तिनं खाली मान घालून विचारलं, "पोरंबाळं हायेत का, म्हनतेत. वावरातच हायेत का?"

मनगटावरचं फुलपाखरू दुसऱ्या हातानं अलगद उचलून विठाबाईनं सुकल्या डहाळीवर ठेवलं.

"एक लेक हाय," ती म्हणाली. "लय शिकली. नोकरीले हाय. दूर राह्यते."

प्रतिभानं ते तेलुगूत सांगितलं. शब्दाला शब्द, काही न गाळता. यांना एक मुलगी आहे. खूप शिकलेली आहे. नोकरी करते. दूर राहते. आपलाच आवाज तिला ऐकू येत होता, वर्गात शिकवतानाचा तो स्वच्छ, खणखणीत आवाज.

"वा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भाग्यवान आहे मुलगी."

हेही सांगा, असं त्यांनी खुणावलं. प्रतिभानं सांगितलं नाही. विठाबाईनंही विचारलं नाही.

मग फोटो झाले. हेडमास्तरांनी कुंपणापुढं डॉक्टरबाई, प्रतिभा आणि मुलांना उभं केलं, आणि विठाबाईला हातानं खूण केली, जरा बाजूला. ती पाण्याच्या टाकीमागं गेली. डॉक्टरबाई जाताना सांगून गेल्या की अहवालात प्रतिभाचं नाव शोध लावणारी शिक्षिका म्हणून जाईल आणि या शाळेचं कुंपण जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना दाखवू. स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. गणिताच्या रंजीता मॅडमनी पेढे मागितले. प्रतिभा हसली, सगळ्यांना बरं म्हणाली, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला फकिरानं आजीला खुर्ची दिली होती, डॉक्टरबाईंसाठी आणलेल्या पितळी कपातला चहा दिला होता. प्रतिभाला पाहून तो उठला आणि तोंड फिरवून निघून गेला. अकरा वर्षांत असं तो कधी वागला नव्हता.

तिला पुढं होऊन आईशी बोलायचं होतं, पण मागून मुलं आली, मग घंटा झाली, मग नववीचा तास. फळ्यावर पेशीची आकृती काढताना तिला ते आठवलं, जे तीसएक वर्षं आठवलं नव्हतं. ती नऊ वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी कोणी नव्हतं म्हणून माय तिला वावरात घेऊन गेली होती. मालकाचा मुकादम येऊन म्हणाला, पोरगी हाताशी आली की, उद्यापासून तिलाही ओळ धरू दे. आणि माय वर न पाहता म्हणाली, "माही नाई ते. शेजाऱ्याची हाय. शाळेत जाते." दिवसभर प्रतिभा पळसाखाली बसून रडली होती. संध्याकाळी वाटेत मायनं तिला कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि म्हणाली, तुले माही म्हनलं असतं तं उद्या तुह्या हातात इळा आला असता.

मायनं तिला एकदा नाकारलं होतं ते तिच्या हातात विळा येऊ नये म्हणून. आज तिनं मायला नाकारलं, ते कशासाठी? अहवालातल्या एका ओळीसाठी. तेही नाही. एका परक्या बाईनं हात सोडू नये म्हणून. नववीच्या पोरांनी विचारलं, मॅडम, बरं नाही का? ती म्हणाली, खडूची धूळ गेली डोळ्यांत. मग तिला वाटलं की आपण आज किती सहज खोटं बोलतोय.

चार वाजता शाळा सुटली. रस्त्यावरच्या थांब्यावर रंजीता मॅडम आणि आणखी दोघं शिक्षक होते. विठाबाई त्यांच्यापासून पंचवीस पावलं लांब, बाभळीखाली उभी होती. शर्ट अजून तिच्या अंगातच होता. आदिलाबादच्या कडेच्या वस्त्यांतून सोयाबीनच्या कामाला येणाऱ्या बाया तिथं बसची वाट पाहत होत्या, डोक्याला फडकी, हातात विळे आणि डबे. विठाबाई त्यांच्यात अशी उभी होती की ओळखू येऊ नये. ती लेकीकडे पाहत नव्हती. हे ती रागानं करत नाही, हे प्रतिभाला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. माय काम चोख करत होती. एकदा धरलेली ओळ ती टोकापर्यंत नेत होती.

बस आली. बायांना तिकीट माफ झाल्यापासून या बसला पाय ठेवायला जागा नसते. रंजीतानं रुमाल टाकून प्रतिभासाठी खिडकीजवळची सीट धरली. विठाबाई मागच्या दारानं चढली आणि त्या बायांबरोबर खालीच, पत्र्यावर बसली. बस निघाली. रंजीता पेढ्यांचं बोलत होती. हैदराबादच्या अहवालात नाव म्हणजे काय साधी गोष्ट आहे का, असं म्हणत होती. प्रतिभा हो हो करत होती. मागून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात मायचाही आवाज होता. इतक्या दिवसांत माय तिच्या घरी अशी हसली नव्हती.

प्रतिभा उठली. उतरायचं आहे का, रंजीतानं विचारलं. ती माणसांतून वाट काढत, दांडे धरत मागं गेली. बाया बोलायच्या थांबल्या.

"माय," ती म्हणाली. "चाल. तिथं सीट हाय. तू बस."

विठाबाईनं वर पाहिलं. "मी बरी हाय इथं."

शेजारच्या एका वयस्क बाईनं विठाबाईला कोपरानं ढोसलं. "कोन व्हय वं ह्या?"

विठाबाईनं लेकीकडे पाहिलं. आपण सांगायचं की लेकीनं, हे तिनं लेकीवर सोडलं होतं. बसमध्ये रंजीता वळून पाहत होती, ते दोघं शिक्षकही. प्रतिभानं वरचा दांडा घट्ट धरला.

"मी हिची लेक हाय," ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग, तेच तेलुगूत, रंजीताला ऐकू जाईल असं. "ही माझी आई. सकाळी कुंपणापाशी होती ती. भुरुंडी तिलाच ठाऊक होती, मला नाही."

रंजीताचा चेहरा पाहायला ती वळली नाही. आता यापुढं उद्या हेडमास्तरांना सांगायचं होतं, हैदराबादला फोन करायचा होता, ते सगळं ती करणारच होती. पण सकाळचा तो क्षण यातलं काहीही केलं तरी सकाळचाच राहणार होता. ती खाली वाकली, मायच्या शेजारी बसायला.

आणि बाया सरकल्या. "बसा, म्याडम, बसा," म्हणत त्यांनी पाय आखडून घेतले, विळे पदराखाली घेतले, चिखलाचे डबे उचलून मांडीवर ठेवले. एकीनं आपल्या फडक्यानं पत्रा पुसला. विठाबाईही सरकली, शर्टाच्या मळक्या बाह्या अंगाशी ओढून घेत. "साडी सांभाळ वं," ती हळूच म्हणाली, "माह्या हाताले माती हाय."

प्रतिभा बसली. तिच्या आणि मायच्या मधे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा सुटली होती. बस खच्चून भरली होती, पुढच्या प्रत्येक थांब्यावर लोक चढत होते, पण आदिलाबाद येईपर्यंत त्या जागेवर कोणीही बसलं नाही.